माणदेशी उद्योगिनी

माणदेशी उद्योगिनी ही सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे सुरू झालेली ग्रामीण महिलांची व्यवसाय शाळा आहे. माणदेशी फाउंडेशन ही संस्था ती चालवते. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या महिलांना उद्योजकता, आर्थिक व्यवहार व नेतृत्व यांचे प्रशिक्षण देणे हा तिचा उद्देश आहे. शाळेची सुरुवात २००६ मध्ये झाली.

पार्श्वभूमी

माण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. केवळ शेतीवर निर्वाह होत नसल्याने येथील अनेक स्त्रिया शेळीपालन, शिवणकाम, भाजीविक्री असे व्यवसाय करतात. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून सार्वजनिक कार्यात आलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका महिलेला, बचतीची रक्कम अल्प असल्याने, बँकेत खाते उघडता आले नाही. या प्रसंगातून महिलांच्या सहकारी बँकेची कल्पना पुढे आली. प्रवर्तक सभासदांत निरक्षर महिला असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्यानंतर महिलांनी साक्षरता वर्ग सुरू केले आणि पुन्हा अर्ज करताना व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी अधिकाऱ्यांपुढे दर्शवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली.

प्रशिक्षण

कर्ज मिळाले तरी हिशेब, दर ठरवणे व बाजारपेठेची माहिती यांवाचून व्यवसाय वाढत नाही, या जाणिवेतून बँकेच्या कामाला शिक्षणाची जोड देण्यात आली. शाळेत व्यावसायिक कौशल्यांबरोबर बचत, कर्ज आणि विपणन हे विषय शिकवले जातात. घरकाम व मजुरी सोडून दूर येणे अनेकींना शक्य नसल्याने बसमधील फिरती शाळा गावोगावी जाते. आधीपासून व्यवसाय करणाऱ्या महिलांसाठी ‘देशी एमबीए’ हा अभ्यासक्रम आहे. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण घेतलेल्या महिला ‘शेळी डॉक्टर’ म्हणून पशुपालकांच्या दारी सेवा देतात.

नेतृत्व

सेवेत कोणता बदल हवा, हे अनेकदा महिलांनीच सुचवले. घरी ठेवलेले पासबुक पाहून पती बचतीचे पैसे मागतात, अशी अडचण खातेदारांनी मांडल्यावर बँकेने स्मार्ट कार्डाचा पर्याय आणला. २००८ मध्ये म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये दावोस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीच्या सहअध्यक्षांमध्ये चेतना सिन्हा यांचा समावेश होता.