इंधन बदललं, दिशा तीच
मंडळी, मुंबईची चूल आणि गिरणी, दोन्ही आपल्या डोंगरावर चालल्या. आधी कुलाबा-ठाण्याच्या जंगलांतून लाकूडफाटा आणि लोणारी कोळसा शहरात जायचा. भट्टीवर राबायचा आपला कातकरी. मग १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी मोठाल्या पाइपांतून खोपोलीला उतरवून वीज केली. ती तारांवरून थेट मुंबईच्या कापड गिरण्यांना. १९२२ मध्ये कर्जतमध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. लाकूड, कोळसा, पाणी... इंधन बदललं. पण डोंगर देतो नि शहर घेतं, हे काही बदललं नाही. शंभर वर्षं उलटली, तरी चौकच्या आसपास वाडीवरच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन उतरताना दिसतातच ना? मतं मागायला येतील, तेव्हा हा हिशेब जरूर विचारा.