बीड जिल्ह्यातील मतदानवर्तन
बीड जिल्ह्यातील मतदानवर्तन : मत कोणाला द्यावे, किंवा ते द्यावे की नाही, याचा निर्णय मतदार कोणत्या घटकांच्या प्रभावाखाली घेतात, याच्या अभ्यासास राज्यशास्त्रात मतदानवर्तनाचा अभ्यास म्हणतात. सत्ता केंद्र व प्रदेश यांत विभागलेली असते, तेथे हा अभ्यास अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण तेच मतदार थोड्याच अंतराने दोन निरनिराळ्या विधिमंडळांसाठी कौल देतात. स्कॉटलंडमध्ये २०१० साली ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मजूर पक्षास ५९ पैकी ४१ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी स्कॉटिश संसदेत मात्र स्कॉटिश नॅशनल पार्टी १२९ पैकी ६९ जागा जिंकून बहुमतात आली. महाराष्ट्रात अशा द्विविध कौलाचे ठळक उदाहरण बीड जिल्ह्यात आढळते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेला हा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. लोकसभेसाठी येथील मतदारांनी १९६७ मध्ये सातारा भागातून आलेले क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षातर्फे, तर १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडून दिले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज (अनुसूचित जातींसाठी राखीव) व परळी असे विधानसभेचे सहा मतदारसंघ झाले. बीड लोकसभा मतदारसंघ याच सहांचा बनलेला असल्याने दोन्ही निवडणुकांच्या निकालांची तुलना येथे सरळ करता येते.

२००९ च्या मे महिन्यात भारतीय जनता पक्षाचे गोपीनाथ मुंडे लोकसभेवर एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या सहापैकी पाच जागा राष्ट्रवादी काँग्रेसने जिंकल्या. २०१९ मध्ये प्रीतम मुंडे यांच्या लोकसभा विजयानंतर काही महिन्यांतच त्याच पक्षाने सहापैकी चार जागा मिळविल्या. २०२४ मध्ये हाच प्रकार उलट दिशेने घडला : लोकसभेला राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला, तर नोव्हेंबरमध्ये महायुतीकडे पाच जागा गेल्या. अपवाद २०१४ चा. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनामुळे झालेली लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच घेण्यात आली. तीत प्रीतम मुंडे यांना ६,९६,३२१ मतांची आघाडी मिळाली व विधानसभेच्या पाच जागाही भाजपने घेतल्या. तथापि राष्ट्रवादीने लोकसभेसाठी उमेदवारच दिला नव्हता. शिवाय त्याच दिवशी बीड मतदारसंघाने त्या पक्षाचे जयदत्त क्षीरसागर यांना निवडून दिले. तेव्हा सहानुभूतीची लाट एवढेच स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

विधानसभेच्या लढतीत पक्षापेक्षा स्थानिक घराण्यांचे वजन अधिक पडते. गेवराईत पंडित, माजलगावात सोळंके, बीडमध्ये क्षीरसागर, केजमध्ये मुंदडा व परळीत मुंडे ही नावे पिढ्यान्‌पिढ्या मतपत्रिकेवर आढळतात. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती व शिक्षणसंस्था यांच्याद्वारे या घराण्यांचा गावाशी वर्षभर संबंध राहतो. उसाची नोंद, पीककर्ज, नोकरी, शाळेतील प्रवेश अशा कामांत आमदाराचा शब्द उपयोगी पडतो. खासदाराकडून ती अपेक्षा क्वचितच असते. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग हा लोकसभेच्या प्रचारातील अनेक दशकांचा विषय होता (बीड शहरापर्यंत रेल्वे प्रत्यक्षात २०२५ मध्ये आली). विधानसभेला मात्र पाणी, पीकविमा व उसाचे पैसे यांचीच चर्चा चालते. घराण्यांची पक्षनिष्ठा पातळ असल्याने त्यांचे मतदारही त्यांच्याबरोबर पक्ष बदलतात. शिवाय घराणी स्वतःच फुटतात. २०१९ मध्ये बीडला संदीप क्षीरसागर यांनी शिवसेनेतर्फे उभे असलेले काका जयदत्त क्षीरसागर यांचा दोन हजारांहून कमी मतांनी, तर परळीत धनंजय मुंडे यांनी चुलतबहीण पंकजा यांचा पराभव केला.

दुसरा घटक ऊसतोडीच्या स्थलांतराचा. बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातील लाखो मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. पतिपत्नी मिळून एक कोयता; मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो व हंगामभर ती फेडली जाते. गावातील पतपुरवठा हाती असल्याने मुकादम हा मतांचाही मध्यस्थ होतो. लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात, म्हणजे हे मजूर परतल्यावर येते. विधानसभेची मात्र त्यांच्या प्रस्थानाच्या तोंडावर. २०२४ मध्ये मतदान २० नोव्हेंबरला, दिवाळी उलटून गेल्यावर झाले. अशा वेळी मजुराला गावी आणण्यासाठी वाहन कोण पाठवतो, यावर त्याचा हक्क अवलंबून राहतो. मतदानवर्तनाच्या चर्चेत या बाबीकडे फारच कमी लक्ष दिले गेले आहे.

जातीचा प्रभाव निर्विवाद आहे, परंतु तो सर्वत्र सारखा नाही. वंजारी समाजात भगवानगडाच्या श्रद्धेतून व गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वातून राजकीय ऐक्य साधले गेले. सप्टेंबर २०२३ पासून मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनाने जिल्हा ढवळून निघाला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रकाश सोळंके व संदीप क्षीरसागर या आमदारांच्या घरांना आगी लावण्यात आल्या. २०२४ च्या लोकसभेत एका बाजूला मराठा व दुसऱ्या बाजूला वंजारी उमेदवार असल्याने मते बव्हंशी त्या रेषेवर विभागली गेली. विधानसभेत ही रेषा टिकली नाही. जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार उभे करण्याचा विचार सोडून दिला. माजलगाव व गेवराई येथे प्रमुख प्रतिस्पर्धी एकाच समाजाचे होते. बीडमध्ये तर ते एकाच घराण्याचे होते. परळीत रेषा कायम असूनही धनंजय मुंडे १,४०,२२४ मतांनी विजयी झाले, कारण २०१९ मध्ये परस्परांविरुद्ध लढलेले मुंडे बंधुभगिनी या वेळी एकत्र होते. जुलै २०२४ पासून स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचाही राज्यभर परिणाम झाला असावा; मात्र बीडमध्ये तो घराण्यांच्या प्रभावापासून वेगळा काढणे कठीण आहे.

प्रादेशिक निवडणुकीस ‘दुय्यम’ मानण्याची पाश्चात्त्य अभ्यासकांची प्रथा येथे लागू पडत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेस सुमारे ६१, तर विधानसभेस सुमारे ६६ टक्के मतदान झाले. ज्या दोन आमदारांची घरे वर्षापूर्वी जळाली होती, ते दोघेही या निवडणुकीत आपापल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले. त्यांपैकी एक महायुतीचे, तर दुसरे विरोधी आघाडीचे होते.