मारुलांदा, मान्वेल

मारुलांदा, मान्वेल : (१२ मे १९३०–२६ मार्च २००८). कोलंबियातील ‘फार्क’ या सशस्त्र बंडखोर संघटनेचा संस्थापक व सेनानी. मूळ नाव पेद्रो आंतोन्यो मारीन. जन्म हेनोवा या कॉफी पिकवणाऱ्या डोंगरी गावात, लिबरल पक्षाच्या शेतकरी कुटुंबात. जन्मवर्ष काहींच्या मते १९२८. शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंतच. बंदूक हाती घेण्यापूर्वी त्याने लाकूडतोड, पावभट्टी, किरकोळ दुकानदारी असे पोटापुरते उद्योग केले.

९ एप्रिल १९४८ रोजी लिबरल नेता होर्हे गाइतान याचा बोगोतात खून झाला आणि लिबरल-काँझर्व्हेटिव्ह वैराचा वणवा खेड्यापाड्यांत पसरला. सुमारे दोन लाख माणसे त्यात बळी पडली. मारीन नातलगांसह रानात शिरला. पुढे कम्युनिस्टांकडे वळला आणि मारल्या गेलेल्या एका कामगार-पुढाऱ्याचे नाव त्याने धारण केले. अचूक नेमामुळे ‘तिरोफिहो’ हे टोपणनाव पडले.

मार्केतालिया या दुर्गम खोऱ्यात त्याने व सोबत्यांनी शेतकरी वसाहत वसवली होती. सरकारने तिला ‘स्वतंत्र प्रजासत्ताक’ ठरवून मे १९६४ मध्ये तेथे फौज घातली. केवळ ४८ जणांनी प्रतिकार केला, असे संघटना सांगत आली. त्या उठावातूनच १९६६ मध्ये फार्क आकाराला आली. तिच्या विचारांची बाजू हाकोबो आरेनास सांभाळी, लढाईची मारुलांदा.

१९८४ च्या शस्त्रसंधीनंतर ‘युनियन पात्रिओतिका’ हा कायदेशीर पक्ष निघाला. पण त्याचे हजारो कार्यकर्ते आणि राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार वेचून ठार केले गेले. शस्त्र खाली ठेवणे म्हणजे मरण, ही त्याची धारणा यानंतर पक्की झाली, आणि तिला आधार होता हे नाकारता येत नाही.

मात्र संघटनेने पुढे जे केले त्याचे समर्थन यातून होत नाही. कोकाच्या व्यापारावरील वसुली आणि खंडणीसाठीची अपहरणे यांवर फार्क पोसली गेली. शांतता-न्यायालयाने नंतर अपहृतांची संख्या २१,००० हून अधिक ठरवली. पकडलेले सैनिक काटेरी तारांच्या कुंपणात वर्षानुवर्षे खितपत पडले. २ मे २००२ रोजी बोहाया येथे फार्कने फेकलेला गॅस-सिलिंडरचा बाँब चर्चवर पडला. तेथे आसऱ्याला आलेले गावकरी, त्यांत कितीतरी मुले, मेले. ज्यांच्या नावाने हे युद्ध सुरू झाले होते तीच ही माणसे.

१९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष पास्त्राना याने वाटाघाटींसाठी सुमारे ४२,००० चौ. किमी. प्रदेशातून सैन्य हटवले; हा प्रदेश केरळहून मोठा होता. ७ जानेवारी १९९९ रोजी सान व्हिसेंते देल काग्वान येथे वाटाघाटींच्या उद्‌घाटनाला राष्ट्राध्यक्ष हजर, शेजारची खुर्ची मात्र रिकामी राहिली. मारुलांदाने पाठवलेले भाषण सहकाऱ्याने वाचले. त्यात मार्क्सवादी सिद्धांतांपेक्षा ठळक होती ती १९६४ च्या हल्ल्यात गेलेली गुरे, डुकरे आणि कोंबड्या. शहरी श्रोत्यांनी हे हसण्यावारी नेले. वास्तविक या माणसाची सारी जीवनकथा त्या यादीत होती : पस्तीस वर्षांपूर्वीचा हिशेब त्याच्यापुरता चुकता झालेला नव्हता. वाटाघाटी फेब्रुवारी २००२ मध्ये मोडल्या.

मृत्यूच्या अफवा त्याच्याबाबत अनेकदा उठल्या. अखेर तो जंगलातच हृदयविकाराने वारला. फार्कने ही बातमी दोन महिन्यांनी दिली. त्याच्या पश्चात २०१६ मध्ये झालेल्या शांतता-करारातील पहिले कलम शेतजमिनीच्या सुधारणेचे आहे.