डोलकाठीच्या टोकावरचा माणूस

समुद्राविषयी बोलायला मी लोणारात उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पाणी आपल्याकडेही आहे. पण ते खारे तळे, त्यावर गलबत नाही. शिवाय मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या सभा आणि सार्वजनिक वाचनालये, एवढेच माझे शिक्षण. परंतु आजचा विषय तुम्हांला विहिरीवर भेटलेला आहे. गडगडीवरून दोर उतरतो, चाक आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत रुततो. ओढणारा रागाने हिसडा देतो आणि दोर अधिकच घट्ट बसतो. शिडाच्या जहाजावर हेच डोलकाठीच्या टोकाशी घडते.

कोकणच्या फत्तेमारीचे शीड एका लांब तिरप्या काठीला बांधलेले असे. ती काठी चढवणारा दोर डोलकाठीच्या शेंड्याशी असलेल्या चाकावरून खाली येई. वादळ उठले की शीड झटपट उतरवावे लागे. नेमका त्याच वेळी दोर अडकला, तर वारा शिडात भरून गलबत कलंडण्याची धास्ती. कारणे साधीच असत: काथ्याचा दोर झिजून त्याचे तंतू चाकात गुंतत, दोन दोरांना पीळ पडे, लाकडी चाकाचा आस झिजे. अशा वेळी जोर करू नये, हा पहिला नियम. दोर थोडा सैल सोडावा, हलवावा, पीळ कोठे आहे ते खालून नीट पाहावे. तेवढ्याने सुटला नाही, तर माणूस वर.

या कप्पीलाही इतिहास आहे. मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. इंग्रजी आरमाराला वर्षाला लाखभर. 19व्या शतकाच्या आरंभी पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉडस्ले याने घडवलेली यंत्रे बसली. 1808 मध्ये वर्षाला 1 लाख 30 हजार कप्प्या निघू लागल्या, आणि 110 कसबी कारागिरांचे काम 10 साधे मजूर करू लागले. उरलेल्या शंभरांची पोटे कोणत्या हिशेबात धरली, हा प्रश्न माझ्या धंद्याचा; आज तो बाजूला ठेवतो.

यंत्राने कप्पी एकसारखी झाली, पण अडकायची थांबली नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' 1817 साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. जहाजाचे नाव राहिले, बांधणाऱ्यांचे राहिले. डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशाचे क्वचितच राहते. कंपनीच्या व्यापारी जहाजांवर आपल्या किनाऱ्यावरचे कित्येक खलाशी या कामावर असत, आणि त्यांचा पगार गोऱ्या खलाशाहून कितीतरी कमी असे.

वर जाण्याची आजची रीत अशी. फळीच्या झोपाळ्यात बसवून माणसाला खालून ओढतात. दोर दोन, तेही वेगवेगळ्या कप्प्यांवरून, आणि ते धरणारी माणसेही दोन. एक दोर ओढण्याचा, दुसरा जिवाचा. हत्यारे झोपाळ्याला बांधलेली असतात, आणि झोपाळ्याच्या खाली कोणी उभे राहत नाही. आधी अडकलेल्या दोरावरचा ताण काढायचा, मगच तो फटीतून सोडवून खोबणीत बसवायचा.

2009-10 साली आरमारातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा बोटीवर दोर अडकला तर "चढ रे" म्हणायला दुसरे कोणी नसते. मालक तोच, मुकादम तोच, चढणाराही तोच.

जमिनीवर तसे नसते. एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, 26 जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी निशाणाची दोरी खांबाच्या टोकाला अडकली. रोजंदारीवरच्या एका पोराला "चढ रे" म्हटले. तो चढला, दोरी मोकळी केली आणि उतरताना पडला. कंबर गेली. सकाळी निशाण वेळेवर फडकले. भरपाईसाठी आमची तीन वर्षे गेली, कारण चढणे हे त्याच्या कामात येत नाही, असे साहेबांचे म्हणणे. त्याबरोबर आम्ही दोनच गोष्टी लेखी मागितल्या होत्या: दुसरी दोरी, आणि ती धरायला एक माणूस. दोरी आली. माणसाच्या अर्जाला उत्तर आलेले नाही.