शिंद्यांच्या छावणीतील होळी

उत्तर पेशवाईतील मराठी फौजांच्या मोहिमा, खंडण्या आणि तह यांविषयीची कागदपत्रे विपुल आहेत. परंतु ही माणसे सण कशी साजरी करीत, हे पाहावयाचे झाल्यास पुष्कळदा परक्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. टॉमस ड्यूअर ब्राउटन याची मराठा छावणीतून लिहिलेली इंग्रजी पत्रे हे त्याचे ठळक उदाहरण होय. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख होता. पत्रे १८०९ सालची. लंडनला ती १८१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथात दहा रंगीत चित्रे आहेत. ती ज्याच्या मूळ चित्रांवरून कोरली, त्याची ओळख शीर्षकपृष्ठावर केवळ ‘एतद्देशीय चित्रकार’ एवढीच दिली आहे. कहरवा नाचणारी स्त्री हा त्यांतील एक विषय.

होळीचे चित्र ब्राउटनने शब्दांनी रंगविले आहे. सणासाठी उभारलेला तंबू, परातींतून आलेला शिंगाड्याच्या पिठाचा तांबडा अबीर, जरीच्या वस्त्रांनिशी चिंब भिजलेल्या नर्तकी, आणि आगीच्या बंबाची नळी स्वतःच्या हाती घेऊन पाहुण्या इंग्रजांना भिजविणारे तिशीतील दौलतराव! असईच्या रणांगणावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, याच इंग्रजांनी त्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती.

ब्राउटनचे मराठ्यांविषयीचे मत अनुकूल नव्हते, हे ध्यानी ठेवूनच त्याला वाचावे. तथापि त्याच छावणीत मोहरमही पाळला जाई आणि खुद्द महाराज हिरवा पोशाख करीत, ही त्याने दिलेली माहिती हैदराबादच्या मराठी माणसाला मुळीच परकी वाटणार नाही.

पुढे १८१० मध्ये शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. ती छावणी पुन्हा उठली नाही. तिचेच शहर झाले. त्या भागाला आजही ‘लष्कर’ म्हणतात. मुलूख सोडून आलेल्यांची वस्ती कशी रुजते, याचा हा दाखला आहे, आणि ती रुजण्यात सणांचा वाटा दरबाराहून कमी नसावा.

चिक्कडपल्ली ते सुलतान बाजार या परिसरातील आपल्या जुन्या घरांतूनही मोडी लिपीतील खर्चाच्या वह्या असतील. जमिनीचे कागद आपण जपतो. ‘गुलालाबद्दल’ पडलेला चार आण्यांचा खर्चही तितक्याच काळजीने जपावा. तो नोंदविणारा हात तरी आपला आहे.