मोटारीचा धूर आणि कायद्याचे माप

पेडणे तालुक्यातील चोपडे हे शापोरा नदीकाठचे गाव. पूर्वी शिवोलीहून मोटार येथे आणावयाची तर ती फेरीबोटीवर चढवावी लागे. आता ती पुलावरून येते. त्या फेरीच्या काळात मोटार चालते की नाही एवढेच लोक पाहत. तिच्या धुराला माप नव्हते, म्हणून त्यात कोणास दोषही दिसत नसे.

हे माप पुढे कायद्याने दिले. 1988 चा मोटार वाहन कायदा व 1989 चे केंद्रीय नियम यांनी रस्त्यावरील वाहनांच्या धुरास मर्यादा घातली. एंजिन मंद चालू असता पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा 3 हून अधिक नसावा, असे ठरले. 1995 साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि 2000 साली ते देशभर पोहोचले. 2004 पासून न जळलेल्या इंधनाचेही मोजमाप होऊ लागले. त्या वेळी नव्या धर्तीच्या मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा शेकडा 0.5 झाली; जुन्यांना मात्र 3 हीच राहिली. वयाची कदर कायद्यानेही केली, असेच म्हणावे लागेल.

एवढी सवलत असूनही जुनी मोटार पीयूसी तपासणीत नापास झाली, तर तिला भंगारात काढण्याची घाई नको. तपासणीचे दोन आकडे हेच रोगाचे निदान होय. कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते असे समजावे. एअर फिल्टर चोंदलेला, चोक अडकलेला किंवा कार्बुरेटर बिघडलेला असतो. न जळलेले इंधन वाढले, तर बहुधा प्लगची ठिणगी क्षीण असते. निळा धूर मात्र तेल जळत असल्याची खूण. तेथे झिजलेल्या रिंगांपर्यंत जावे लागते. म्हणून जाणता मिस्त्री आधी स्वस्त उपाय करतो आणि एंजिन चांगले तापल्यावरच पुन्हा तपासणी करवितो.

याहून सोपी एक वाट आहे. तपासणीपुरता कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून घ्यावयाचा आणि दाखला हाती पडताच तो पूर्ववत करावयाचा! त्याने कागद शुद्ध होतो, हवा नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. दाखला मोटारीच्या मालकाजवळ राहतो; धूर मात्र वाटेने चालत शाळेस निघालेल्या मुलाच्या वाट्याला येतो.