देवाला ‘तू’ म्हणावे की ‘आपण’?

अंधेरीच्या सीप्झमध्ये कंपन्यांच्या इमारतींच्या गर्दीत सेंट जॉन चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. १८४० मध्ये साथ आली आणि लोक मरोळला जाऊन राहिले. ज्या वर्षी हे चर्च झाले, त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लिपी रोमन, भाषा मात्र मराठी आणि ओव्या सुमारे ११ हजार! स्वर्गाला त्याने खुशाल वैकुंठ म्हटले.

पुराण मराठीत आले, तरी मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली, तेव्हा कुठे लोकभाषेला वेदीपाशी जागा मिळाली.

प्रॉटेस्टंटांकडे वाद वेगळा होता. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला माऊली म्हणून अभंगाची वाट धरली. उलट पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबलच्या भाषांतरात हिंदू धर्मग्रंथांची आठवण करून देणारे शब्द कटाक्षाने टाळले. एकाने परंपरेचा शब्द जवळ केला, दुसरीने दूर ठेवला. दोघांच्याही मनात भक्तीच होती.

आता सर्वनामाचे पाहा. मराठी माणूस वडिलांना ‘अहो’ म्हणतो, आईला ‘अगं’. विठ्ठलाला तर थेट ‘तू’. आम्ही मुसलमानही दुआ मागताना अल्लाहला ‘तू’च म्हणतो, पण पैगंबरसाहेब ‘म्हणाले’ असेच बोलतो. जुन्या मराठी बायबलात येशू ‘म्हणाला’ असे आहे. आज प्रवचनांत प्रभू येशू ‘म्हणाले’ असेही कानावर येते. यात आदर वाढला, की जवळीक कमी झाली? मला वाटते, दोन्ही थोडे थोडे झाले.

आमच्या उपनगरांतल्या गावठाणांत मात्र हा प्रश्नच पुसला जातो आहे. ईस्ट इंडियन आजी आपल्या बोलीत प्रार्थना म्हणते, नातवंडे इंग्रजीत. इंग्रजीत देवाला, साहेबाला आणि मित्राला एकच सर्वनाम! नातवंडांचा विश्वास त्यामुळे उणा ठरत नाही. पण चारशे वर्षांत मराठीने देवाशी बोलण्याच्या ज्या तऱ्हा घडवल्या, त्या आजीबरोबर जातील. म्हणून मरोळ असो वा बोरिवली, ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी तिच्या प्रार्थना आजच तिच्या शब्दांत लिहून ठेवाव्यात. त्यातले ‘तू’ दुरुस्त करू नये.